नाना अनवाणी चालले तो माघ

परवा सकाळी आमच्या गल्लीत डांबर पडलं. चार वर्षं तिथं खड्डे होते, आणि खड्ड्यांची इतकी सवय झाली होती की सपाट रस्त्यावर मी दोनदा अडखळलो. मंदा, म्हणजे माझी बायको, दारातून म्हणाली, "आलं वाटतं विलेक्शन." ती हसली. मी हसलो नाही. मी हसलो नाही की आमच्या घरात त्याला आजारपण समजतात. तिनं येऊन माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

ताप नव्हता. डांबराचा वास होता. लोकांना मोहोराचा वास आला की आंबा आठवतो. मला डांबराचा वास आला की एक पाय आठवतो. उजवा.

आमच्याकडं महापालिकेची निवडणूक माघात येते. सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी त्याच स्वेटरची घडी डोक्यावर. ओढ्याच्या कडेचे शिरीष उघडे पडतात, त्यांच्या वाळक्या शेंगा नुसत्या खुळखुळत राहतात, वारा असो-नसो. माझी आई म्हणायची, कुणीतरी दात वाजवतंय. त्या आवाजावर रिक्षातला भोंगा, मधेच एखादी फटाक्यांची माळ, भिंतींवर ओल्या रंगाचा वास. आणि चौकाचौकात हात जोडलेली माणसं, दोन-दोन मजले उंच. एवढी मोठी माणसं माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली की मला नेहमी वाटतं, आता आपलं काही खरं नाही.

ज्या माघाचं सांगतोय, तेव्हा आमची धायरी नुकतीच शहरात गेली होती. कागदावर शहर, नळाला गाव. हिंजवडीकडं कंपन्या उघडल्या होत्या, आणि तिथं कंप्युटरवर काम करणारी पोरं आमच्या ज्वारीच्या रानात उभ्या राहिलेल्या बिल्डिंगींत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर झोपत होती. टँकर त्यांनाही लागायचा, आम्हालाही. फरक एवढाच की त्यांचा टँकर बिल्डिंगीच्या टाकीत रिकामा व्हायचा आणि आमचा बायकांच्या कमरेवर. मंदाची कंबर त्या टँकरनंच गेली.

मी तेव्हा मांडववाल्याकडं होतो. खुर्च्या लावायच्या, खुर्च्या उचलायच्या. शाळेत चौथीपर्यंत गेलो, त्यातली दोन वर्षं तिसरीतच. उंची कमी, आवाज मोठा, अक्कल या दोन्हींच्या मधे कुठंतरी. लग्नात माईक टेस्टिंगच्या नावाखाली नकला करायचो. नवऱ्यामुलाच्या मामापेक्षा मी लोकांना जास्त आठवायचो, त्याबद्दल एकदा मामाचा मारही खाल्लाय.

नाना आमचे जुने सरपंच. गाव शहरात गेल्यावर सरपंचकी गेली, म्हणून ते नगरसेवकाच्या निवडणुकीला उभे राहिले. पन्नाशी उलटलेली, उंच, आवाज जात्यासारखा. रक्तात साखर दहा-बारा वर्षांची. संक्रांतीच्या दिवशी मला बोलावलं आणि म्हणाले, "नाम्या, तुला पद देतो."

"कुठलं, नाना?"

"चपला सांभाळायच्या."

हसू नका, मोठं काम आहे. उमेदवार दिवसाला शंभर उंबरे चढतो. प्रत्येक उंबऱ्याशी चप्पल काढायची, आत जाऊन पाया पडायचं, बाहेर येऊन चप्पल घालायची. मागं चाळीस कार्यकर्ते, तेही काढणार, घालणार. सहाव्या घरापाशी कुणाचा डावा कुणाच्या उजव्याशी लग्न करून गेलेला असतो. आणि नानांच्या चपला साध्या नव्हत्या. डॉक्टरांनी माप घेऊन दिलेल्या, खाली मऊ रबर. "यांच्याशिवाय घरातसुद्धा फिरायचं नाही," असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मी त्या छातीशी धरून उभा राहायचो. लोक म्हणायचे, नाम्या भरतासारखा दिसतो. भरतानं चौदा वर्षं सांभाळल्या. माझ्याच्यानं महिना निघाला नाही, ते पुढं सांगतो.

उंबऱ्याबाहेर उभं राहून मी आख्खा वॉर्ड बघितला. गावठाणात सारवलेली जमीन, चाळीत शहाबादी, सोसायटीत अशी चकाकणारी फरशी की तिच्यात नाना उलटे दिसायचे. कंप्युटरवाल्यांच्या दाराबाहेर बुटांना स्वतंत्र कपाट. माझ्या घरात तेव्हा कपड्यांनाही नव्हतं. एका मुलीनं दार उघडलं, कानाला फोन, म्हणाली, "सॉरी, आम्ही रेंटवर आहोत. आमचं व्होटिंग इथं नाही."

मी म्हटलं, "ताई, आम्ही पण पाच वर्षांच्या भाड्यावरच येतो."

नाना हसले. मला बोलायची परवानगी नव्हती, पण नाना हसले की ती आपोआप मिळायची. माझं सगळं पुढचं बिघडलं ते त्या हसण्यानं.

प्रचार रंगात आला आणि एका सकाळी पेपरात घडी घालून पिवळं पत्रक आलं. खाली नाव नाही. मंदानं मला वाचून दाखवलं: 'दोन घरं करणारा वॉर्डाचं काय करणार? मांजरीला कोण राहतं, विचारा नानांना.'

मी म्हटलं, "काय लोक तरी, काही पण छापतात."

मंदा म्हणाली, "तुला म्हाईत हाय. तू तोंड बघ आरशात."

माहीत होतं. सगळ्या गावालाच होतं, विहिरीत पाणी किती हे माहीत असतं तसं. कुणी दोरी सोडून मोजत नाही एवढंच. मांजरी म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाचं गाव. तिथं उसाच्या फडाला लागून नवी घरं झाली होती, त्यातल्या एका घरात त्या बाई राहायच्या. दवाखान्यात आयाचं काम केलेल्या, चाळिशीच्या, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. पद मिळाल्यावर मी नानांबरोबर तिथं तीनदा गेलो. बाकी सगळीकडं नानांच्या चपला बाहेर माझ्या हातात असायच्या. मांजरीत त्या आत जायच्या. मला काम नसायचं, म्हणून मी दारात बसून बघायचो.

मला वाटलं होतं, अशा घरात काहीतरी रंगीत असेल. काय बघितलं सांगू? बाई नानांना खुर्चीत बसवायच्या. स्वतः पाटावर बसून त्यांचे पाय मांडीवर घ्यायच्या. प्रत्येक बोटाच्या बेचक्यात कोरडा कापूस फिरवायच्या. मग एक छोटा आरसा तळव्याखाली धरून उजेडात बघायच्या, दाढी करताना आपण हनुवटी बघतो तसं. नाना डोळे मिटून बसायचे. त्या मला म्हणाल्या, "यांच्या पायांना कळत नाही. गरम, गार, काटा, काही नाही. म्हणून डोळ्यांनी बघावं लागतं."

मी म्हटलं, "बाई, माझ्या डोक्याचं तसंच आहे. बघायला कुणी नाही."

त्या हसल्या नाहीत. माझ्या विनोदाला न हसलेलं ते पहिलं माणूस.

पत्रक आलं त्या दिवशी चहाच्या टपरीवर नुसती कोर्टकचेरी.

"ज्यानं घरच्या लक्षुमीला फशिवलं, त्यो आपल्याला सोडंल व्हय?"

"मला नगरसेवक पायजे, जावई न्हाई. माझ्या पोरीला कुठं द्यायचीय त्याला!"

"आन् पलीकडच्याची एकच बायको हाय, म्हणून मत द्यायचं का? वढा बुजवून बिल्डिंग बांधली त्यानं. त्या वढ्याला इचार लफडं म्हंजी काय."

"बायकांना विचारलं का कुणी, त्या दोघींना?"

"तू इच्यार जा. आन् येताना डोकं घेऊन ये परत."

तिथं मोरेसाहेब उभे होते. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, सोसायटीत तळमजल्यावर राहायचे. घरात बाबासाहेबांचा मोठा फोटो आणि भिंतभर पुस्तकं. चहा बशीत न ओतता पिणारे आमच्या टपरीवर ते एकटेच. म्हणाले, "त्या बाईंचं आणि वहिनींचं काय ते नानांनी त्या दोघींना सांगावं. ती चौकशी माझी नाही. पण माणूस पाच वर्षं काम करू शकेल का, ही चौकशी माझी आहे. तब्येत कशी आहे त्यांची? नामदेव, तू रोज बरोबर असतोस."

मी म्हटलं, "ठणठणीत. मला उचलून आपटतील."

लोक हसले. मोरेसाहेबांनी कप ठेवला आणि गेले.

नानांनी त्याच दुपारी ठरवलं: मतदान होईस्तोवर मांजरीची वाट बंद. फोनसुद्धा नाही. कार्यकर्ते म्हणाले, बरोबर आहे, लोकांची नजर आहे. होतीच. आख्ख्या वॉर्डाची नजर नानांच्या गाडीवर होती, कुठल्या रस्त्यानं वळते. आणि त्यामुळं त्यांच्या तळव्यांकडं बघणारी जी एकच नजर होती ती बंद झाली. हे मला आज कळतं. बेरीज मला तेव्हाही जमत नव्हती.

मग हळदीकुंकू. रथसप्तमीच्या आधी वॉर्डातल्या बायकांचं मोठं हळदीकुंकू ठेवलं होतं. वहिनी, म्हणजे नानांची बायको, स्टेजवर उभ्या राहून एकेकीला वाण देत होत्या. पत्रकानंतर त्या पहिल्यांदाच लोकांत आल्या होत्या, आणि अशा हसत होत्या की बघवत नव्हतं. मांडवाच्या तोंडाशी चपलांचं खळं पडलेलं. माझं काम एकच: एका जोडापाशी बसून राहायचं.

पण दोघी-तिघी म्हणाल्या, "नामाभावजी, त्या पलीकडच्या उमेदवाराची नक्कल करा की." मला कुणी नुसतं 'करा की' म्हटलं की संपलं. जोड खुर्चीखाली सरकवला, माईक घेतला. पंधरा मिनिटं केली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी नाना निघाले, गालिच्याच्या टोकाशी येऊन थांबले, हात मागं केला आणि म्हणाले, "नाम्या, चप्पल."

खुर्चीखाली काही नव्हतं.

मी दुसऱ्या खुर्चीखाली बघितलं. मग तिसऱ्या. कुणी नेली, चोरली, लाथेनं कुठं उडाली, देव जाणे. नानांचा हात तसाच मागं. सगळा मांडव बघतोय. शहाण्या माणसानं सांगितलं असतं, नाना, हरवली, गाडीत बसा, मी घरून दुसरी आणतो. माझ्या हातात माईक होता. मी काय बोललो ते मला आजही पाठ आहे.

"नाना चप्पल मागत नाहीत! नाना म्हणतात, माझ्या बहिणी हंडा घेऊन अनवाणी टँकरमागं पळतात, तर मीपण घालणार नाही! नळाला पाणी येईस्तोवर पायात चप्पल घालणार नाही!"

टाळ्या अशा की कनाती हलल्या. म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. कुणीतरी शिट्टी मारली. नाना वळून माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता कानाखाली बसते. पण नाना तीस वर्षं राजकारणात होते, टाळीचं वजन त्यांना कळायचं. त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि गालिच्यावरून खाली खडीवर पाय ठेवला.

खडी त्यांना टोचली नाही. टाळ्या बरोबर लागल्या.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "नाम्या, तू मला निवडून आणलंस, नाहीतर..." बाहेर रस्त्याच्या कडेला डांबराची पिंपं उतरवत होते.

दुसऱ्या दिवसापासून वारं फिरलं. पिवळं पत्रक कुणाला आठवेना. ज्या म्हाताऱ्या परवा बोटं मोडत होत्या त्या दारात तांब्या घेऊन उभ्या. नाना आले की पायावर पाणी घालायचं, कुंकू लावायचं. एका गल्लीत तीस दारं, तीस वेळा पाणी, तीस वेळा कुंकू. सोसायटीतली पोरं मोबाईल काढून फोटो घ्यायची, "व्हॉट अ मॅन" म्हणायची. माझी बढती झाली. चपलांवरून टॉवेलवर. प्रत्येक दारी वाकून पाय पुसायचे.

दुपारी नवं डांबर तापायचं. कार्यकर्ते बूट घालून टाचांवर चालायचे, नाना त्याच्यावरून देवळातल्या फरशीवरून चालावं तसे. शिरीषाखालून जाताना त्या शेंगांचा आवाज आला की मला उगाच वाटायचं, झाडाला काहीतरी दिसतंय. चौथ्या दिवशी एका फ्लॅटमधून नाना बाहेर आले आणि त्या पांढऱ्या फरशीवर मागं लाल उमटत गेलं. घरातली सून ओलं फडकं घेऊन आली, पुसता पुसता म्हणाली, "कुंकू आहे, जाईल."

मी बाहेर वाकून टॉवेलनं पाय पुसला. पुसलं तरी आलं. परत पुसलं. अंगठ्याखाली, तळव्याच्या मांसात, मांडवाच्या पत्र्याचा असतो तसला बारका खिळा. किती दिवस होता कुणास ठाऊक. त्याच्याभोवतीची कातडी भिजून भिजून पांढरी झालेली. मी नखानं तो उपटला. उपटताना माझा जीव गेला. नानांचा पाय हललासुद्धा नाही. ते वर कुणाशी तरी पाण्याच्या लायनीचं बोलत होते.

मग खाली न बघताच हळू म्हणाले, "काय दिसलं, नाम्या?"

मी म्हटलं, "कुंकू."

"कुंकूच आहे," नाना म्हणाले.

आयुष्यात मी एवढा छोटा विनोद कधी केला नाही.

मी काहीच केलं नाही असं नाही. वहिनींकडं गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. सांगितलं, नानांच्या पायाला जखम आहे, दाखवायला पाहिजे. त्यांचा हात थांबला नाही. म्हणाल्या, "त्यांचे पाय कोण बघतं ते तुम्हाला माहीत आहे, भावजी. तुम्ही दारात बसून बघितलंय. तिला सांगा."

गेलो. दोन बस बदलून मांजरीला. ऊस तोडून नेलेला, फडात पाचट जाळत होते, काळ्या पातीचे तुकडे हवेत उडत होते. बाईंनी दारातच विचारलं, "रंग कसा आहे?"

मी म्हटलं, "कडेला पांढरा. मधे काळपट."

"वास?"

मी 'येतो' म्हणून मान हलवली. त्या दाराला टेकल्या. म्हणाल्या, "आज न्या दवाखान्यात. उद्या नाही, आज."

"तुम्हीच चला, बाई. तुमचं ऐकतील."

"मी तिथं दिसले तर ते पडतील. पडले तर मला कधी माफ करणार नाहीत." मग वाटेकडं बोट करून म्हणाल्या, "पडू देत. न्या त्यांना."

'पडू देत' म्हणणारी त्या आख्ख्या निवडणुकीत ती एकटी. तिचं तर मतही आमच्या वॉर्डात नव्हतं.

मी परत आलो आणि नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "चार दिवस राहिले. मतदान झालं की जाऊ." आणि मी ऐकलं. का ऐकलं? खरं सांगतो. टँकरपाशी मंदा कमरेला हात लावून उभी राहायची. नाना आले तर पाणी येणार होतं. पलीकडचा आला तर ओढा गेला तशी गावामागची टेकडीही गेली असती. मनातल्या मनात तागडी धरली: एका पारड्यात एक पाय, दुसऱ्यात आख्ख्या वस्तीचं पाणी. पाय माझा नव्हता, त्यामुळं तागडी धरायला सोपी गेली. आणि दुसरी गोष्ट, जी मंदालासुद्धा कधी सांगितली नाही: ती शपथ माझी होती. लोक टाळ्या वाजवत होते त्या माझ्या वाक्याला. मला ते वाक्य मरायला नको होतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी मोरेसाहेबांच्या दारी गेलो. त्यांनी पाणी घातलं नाही, कुंकू लावलं नाही. नानांना आत बसवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नाना, मी मत तुम्हालाच देणार होतो. पण तुमच्या शेजारी बसल्यावर मला जो वास येतोय तो तुम्हाला येत नाही का? पाय दाखवा."

नानांनी पाय खुर्चीखाली ओढला. सांगायचं तर तेव्हाच, तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. उघडलंही. म्हटलं, "साहेब, पायाचं दर्शन आधी घेतलं तर मत आदल्या दिवशीच द्यावं लागेल, नियम आहे!" आणि नाकाला टॉवेल लावून म्हटलं, "वास माझा आहे, पाण्याची लाईन येईस्तोवर आंघोळ नाही करणार, ही माझी शपथ!"

दणकून हसले सगळे. त्या हशातच नाना उठले, हात जोडले, बाहेर पडले. मी मागं. दारात मोरेसाहेबांनी माझा दंड धरला. "नामदेव, तू त्यांना वाचवलंस असं वाटतंय का तुला?"

मला तेव्हा तसंच वाटत होतं.

मत मी नानांनाच दिलं. मशीन नवी होती, बटण दाबलं की लांब शिट्टीसारखा आवाज यायचा. बोटावरची शाई बघत बाहेर आलो आणि एकदम मनात आलं, आपण कुणाचं वाईट व्हावं म्हणून सही केली का काय.

नाना दणक्यात निवडून आले. गुलालात माणूस ओळखू येत नव्हता, पाय तर नाहीच नाही. ट्रकवर उभे असताना त्यांना थंडी वाजायला लागली. भर दुपारी. लोकांना वाटलं आनंदानं थरथरतात. मी खाली नाचत होतो. नाचत होतो, आणि वर बघत होतो, आणि नाचत होतो.

त्याच आठवड्यात अंगठा काढला. मग पाऊल. मग गुडघ्याखाली. दवाखान्यात मला बघून एकदा म्हणाले, "आता एकच चप्पल सांभाळायची, नाम्या. सोपं झालं." मला वाटायचं विनोदी मी आहे. चैत्र निघायच्या आत नाना गेले. सभागृहात त्यांची खुर्ची पुसून ठेवली होती म्हणतात, ते तिच्यावर एकदाही बसले नाहीत.

पोटनिवडणुकीत वहिनी उभ्या राहिल्या आणि आल्या. दोन वर्षांनी पाण्याची लाईनही आली. खोटं कशाला सांगू, आली. पहिल्या दिवशी मंदानं नळाखाली हंडा लावला आणि तो भरून वाहायला लागला तरी ती तशीच बसून रडत होती. मी तिच्या शेजारी उभा होतो. हे पाणी नको होतं, असं मला म्हणता आलं नाही. आजही येत नाही. रोज पितो.

नाना गेले त्या दिवशी स्मशानात मांजरीच्या बाई आल्या होत्या. आत नाही, फाटकाबाहेर, बोरीच्या झाडाखाली. मी गेलो. मला वाटलं शिव्या देतील, आणि मला त्या हव्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "शेवटी फार दुखत होतं का त्यांना?"

मी म्हटलं, "नाही बाई. काहीच नाही."

"हं," त्या म्हणाल्या. "दुखायला पाहिजे होतं."

या वाक्यावर मी इतकी वर्षं अडकून आहे. शिकलेला असतो तर त्याचं काहीतरी मोठं केलं असतं. मला एवढंच कळतं की आम्ही त्या माघात जिथं बघायचं नव्हतं तिथं वाकून वाकून बघितलं, आणि पायाशी इतक्यांदा वाकलो, पण पाय कुणी बघितला नाही. लफड्यावरून माणूस पाडावा का, आजारावरून पाडावा का, हे मला विचारू नका. मोरेसाहेब म्हणायचे, आजारी माणसाला मत द्यावं, हरकत नाही, पण आजार लपवणाऱ्याला नको. मी म्हणायचो, साहेब, लपवणाऱ्याचं सोडा, लपवायला मदत करणाऱ्याचं काय करायचं? ते म्हणायचे, त्याला टीव्हीवर पाठवा, तिथं नकलांनाच टाळ्या मिळतात. मोरेसाहेबही आता नाहीत.

तर परवा डांबर पडलं, आणि काल उमेदवार आला. नवा आहे, पस्तिशीचा, पायात पळायचे बूट. कंपनीतली नोकरी सोडून राजकारणात आलाय म्हणे. सोसायटीवाले त्याच्यावर खूश आहेत. त्याचंही कुठलं तरी प्रकरण लोकांच्या मोबाईलवर फिरतंय, मंदाच्याही मोबाईलवर आलंय, ती चष्मा लावून दोनदा वाचत होती. मागं पोरांचा घोळका, एक जण नुसते फोटो काढायला. मला वाकून नमस्कार केला. नमस्कार करून उठताना त्यानं क्षणभर भिंतीला हात लावला. क्षणभरच. बाकी कुणी बघितलं नाही.

त्यानं विचारलं, "काका, काय प्रॉब्लेम आहेत आपल्या गल्लीत? मोकळेपणानं सांगा."

मी म्हटलं, "गल्लीचं राहू द्या साहेब. तुमचं सांगा. कुठं दुखतंय का?"

घोळका हसला. जुन्यांपैकी कुणीतरी मागून म्हणालं, "नामाकाकांचं असंच हाय, मनावर घेऊ नका." तोही हसला, छातीवर मूठ मारली. दारातून त्याचा चेहरा मला जवळून दिसत होता. भर सकाळी कपाळावर घाम होता.

"कुठंच नाही, काका," तो म्हणाला. "काहीच दुखत नाही. एकदम फिट."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला दुसरं कुठलंही उत्तर चाललं असतं.